साडेसतरा वर्षांची सही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मुली आणि सैन्यदल' असा विषय छापला आहे. काल रात्री गटचर्चेत बायका जे बोलल्या ते ऐकून मी तो थोडा वळवून घेतला आहे. मुलगा की मुलगी हा प्रश्न आहेच, पण त्याच्या आधी वयाचा प्रश्न येतो. म्हणून आज मी साडेसतरा या आकड्याबद्दल बोलणार आहे.

साडेसतरा वर्षांच्या माणसाला आपल्या देशात काय काय करता येत नाही, ते आधी पाहू. मत देता येत नाही. करार करता येत नाही. केला तरी कायद्याच्या लेखी तो करारच नसतो. गिअरची मोटरसायकल चालवायचं लायसन मिळत नाही. मुलगी असेल तर तिचं लग्न लावणं गुन्हा, आणि मुलगा असेल तर त्याने आणखी साडेतीन वर्षं थांबायचं. फटाक्याच्या कारखान्यात काम करता येत नाही. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ आणि स्फोटकं यांच्या कामावर ठेवायला बंदी घातली. चांगली गोष्ट झाली, आपण सगळ्यांनी तिचं स्वागत केलं.

पण सैन्यात भरती होता येतं.

हे वय अग्निपथ योजनेने आणलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चर्चा पक्षांच्या भांडणात जायला नको. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस ठेवलं. पण त्याआधीही साध्या शिपायाच्या भरतीची खालची मर्यादा साडेसतराच होती. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, तर साडेसोळाव्या वर्षी प्रवेश मिळतो. योजनेने फरक पडला तो दुसऱ्या टोकाला. पूर्वी या वयात गेलेला मुलगा पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून, पेन्शन बांधून परत यायचा. आता तो साडेएकविसाव्या वर्षी घरी येऊ शकतो. शंभरातले पंचवीसपर्यंत ठेवून घेणार, बाकीचे परत. म्हणजे पोराच्या आयुष्यातली कोवळी वर्षं मोजून घ्यायची आणि पुढचं त्याचं त्याने पाहायचं.

आता कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत १९९२ साली सामील झाला. त्या करारात लढाईसाठी वयाची मर्यादा पंधरा एवढी खाली धरलेली होती. जगभर त्यावर टीका झाली आणि मे २००० मध्ये एक पूरक करार झाला. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. सक्तीची भरती अठराच्या आत नाही आणि प्रत्यक्ष लढाईत अठराच्या आतलं कोणी जाणार नाही याची सरकारने काळजी घ्यायची, असं त्यात ठरलं. स्वखुशीने येणाऱ्यांसाठी मात्र पळवाट ठेवली: प्रत्येक सरकारने आपलं वय जाहीर करावं, फक्त ते पंधराच्या वर असावं. भारताने सोळा जाहीर केलं. शिवाय लिहून दिलं की भरती पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि प्रशिक्षणानंतर अठरा पूर्ण झाल्याशिवाय जवानाला प्रत्यक्ष मोहिमेच्या भागात पाठवलं जात नाही.

हे आश्वासन खरं धरून चालू. खरं धरलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. अठराच्या आधी कुठे पाठवायचंच नसेल, तर अठराच्या आधी घ्यायचं कशाला? सहा महिने थांबलं तर सैन्याचं काय अडतं? सीमा सुरक्षा दल सीमेवरच उभं असतं ना? तिथल्या शिपायाला अठरा पूर्ण लागतात. केंद्रीय राखीव पोलिसांत अठरा. आपल्या महाराष्ट्र पोलिसांत अठरा आणि वर बारावी पास. त्यांची कामं काही सोपी नाहीत आणि त्यांच्याकडे मुलांची टंचाईही नाही. मैदानावर पहाटे तीन वाजता येऊन बसलेली गर्दी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

त्याच पूरक करारात आणखी एक कलम आहे. सरकारबाहेरच्या सशस्त्र गटांनी अठराच्या आतल्या कोणालाही घ्यायचं नाही, स्वखुशीनेसुद्धा नाही. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ८३ आहे, त्यात अशा गटांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. गडचिरोलीत काम केलेल्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत. दलमबरोबर गेलेल्या मुली किती लहान वयात गेल्या, हे त्या माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी सैन्य आणि दलम एका तराजूत घालत नाही. सैन्य कायद्याने चालतं, पगार देतं, सुट्टी देतं, सोडून यायचे नियम असतात. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं मन दोन्हीकडे एकच असतं. दलममध्ये गेलेल्या मुलीबद्दल आपण, सरकार आणि कोर्ट एका सुरात म्हणतो की या वयात 'मी माझ्या मर्जीने गेले' याला अर्थ नाही. मग मैदानावर रांगेत उभ्या असलेल्या मुलीची मर्जी पूर्ण पिकलेली कशी मानायची?

मर्जी, संमती या शब्दांशी आपल्या चळवळीचा जुना संबंध आहे. मथुरा केसपासून आपण हेच विचारत आलो की बाई गप्प राहिली म्हणजे 'हो' झालं का. समाजकार्याच्या कॉलेजात आम्हाला केसवर्क शिकवताना स्वयंनिर्णयाचं तत्त्व पहिल्या महिन्यात शिकवायचे. माणसाने आपला निर्णय आपण घ्यावा, कार्यकर्त्याने तो लादू नये. ते तत्त्व मला मान्य आहे. पण पर्याय दिसत असतील तरच तो निर्णय. एकच दरवाजा उघडा असेल तर माणूस त्यातून जातो, त्याला निवड म्हणत नाहीत.

अठराच्या आतल्या उमेदवाराच्या अर्जावर पालकाची सही लागते. कागदावर हे संरक्षण आहे. प्रत्यक्षात काय होतं त्याची एक गोष्ट सांगते. नाव-गाव बदलून सांगत नाही, कारण सांगतच नाही.

आमच्या केंद्रात एक बाई येत होत्या. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी टाकलेल्या. त्याने दुसरं घर केलेलं. त्यांचा पोटगीचा दावा चालू होता. पूर्वीचं कलम १२५, आता नव्या संहितेतलं १४४. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा, लेखी परीक्षा निघाली, धावणं निघालं, मेडिकल निघालं. आता कागद. गावातल्या जाणकारांनी सांगितलं, सही बापाचीच लागते. मुलगा बापाकडे गेला. बाप म्हणाला, करतो सही, तुझ्या आईला सांग दावा काढून घे.

त्या बाई दावा काढायला तयार होऊन आमच्याकडे आल्या होत्या. वकिलाची फी बुडेल का, एवढंच विचारायचं होतं त्यांना.

आता यात संमती कोणाची आहे? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्या 'नंतर' आई असं लिहिलेलं आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यानंतरच असं नाही; बाप मुलाची जबाबदारी घेत नसेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक असू शकते. निकालाला पंचवीस वर्षं होऊन गेली. गावात तो पोचलेला नाही. आम्ही त्या बाईंना निकालाचा कागद काढून दिला, शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे त्यांचंच नाव पालक म्हणून होतं ते जोडलं, आणि त्यांची सही चालली. दावा काढावा लागला नाही. आपापल्या केंद्रात हा निकाल मराठीत टाईप करून ठेवा, भरतीलाच नाही, पासपोर्टला आणि शाळेलाही उपयोगी पडतो.

पण मला खुपलं ते वेगळंच. या सगळ्या खटपटीत मुलाला कोणी काही विचारलं नाही. बापाला दावा मागे हवा होता, आईला मुलगा मार्गाला लागायला हवा होता, चुलत्यांना घरात फौजी हवा होता. आणखी चार महिने गेले असते तर त्याला कोणाच्या सहीची गरजच नव्हती. एवढ्या चार महिन्यांच्या फरकासाठी एका टाकलेल्या बाईची पोटगी पणाला लागली होती. लग्न झालेलं नाही याचा दाखला सरपंच देतो, चालचलन बरं असल्याचा दाखला मिळतो. मुलाला आपण कुठे चाललो हे कळलं आहे, याचा दाखला कोणी मागत नाही. पूरक करारात खरं म्हणजे तेही लिहिलेलं आहे: भरती खरोखर ऐच्छिक हवी, पालकांना सगळं माहीत असून त्यांनी संमती दिलेली हवी, मुलाला कामाची पूर्ण माहिती दिलेली हवी, वयाचा भरवशाचा पुरावा हवा. चारातला वयाचा पुरावा तेवढा आपल्याकडे काटेकोर पाहतात.

सातारा-सांगलीकडच्या बायकांना मी सैन्याबद्दल काय सांगणार? अपशिंगे मिलिटरी हे गावाचं नावच आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावातले शेचाळीस लोक गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. अशा गावांत मुलगा सैन्यात जातो त्यात अभिमान आहे आणि तो खोटा नाही. मी त्या अभिमानाला नावं ठेवायला आलेले नाही. पण अभिमानाच्या खाली जमिनीचा उतारा असतो. दीड एकर, चार वाटे, विहिरीत पाणी नाही. बारावी झालेल्याला दुकानात सात-आठ हजार देतात. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना तीस हजार. बाकी भाषणं कमी लागतात.

म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तयारी सुरू होते. दहावी झाली की मुलगा अकॅडमीत. पत्र्याची शेड, ओळीने गाद्या, पहाटे चारला शिट्टी. राहणं, जेवण, मैदान, सगळं मिळून फी. ती फी कुठून येते हे आपल्याइतकं कोणाला माहीत नाही. मंगळसूत्रातले मणी आणि बचत गटाचं कर्ज. गटाच्या वहीत कर्जाचं कारण 'शेळीपालन' लिहिलेलं असतं, आणि शेळी कुठल्याशा मैदानावर सोळाशे मीटर धावत असते. (हशा) हसू नका, आमच्या तालुक्यात तीन वह्यांत मी हे पाहिलं.

कॉलेजचं काय? सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बारावीला बाहेरून बसायचं. अकॅडमीवालेच भरून देतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसलं तर पूर्ण गुण. नाही बसलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा. दोन-तीन वर्षं अशी गेली की पोरगा ना शिकलेला, ना भरती झालेला, आणि गुडघा दुखतो म्हणून शेतातही नको. निवड झालेल्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागतात. न झालेल्यांची मोजणी कोणी ठेवत नाही, ती फक्त आईकडे असते. वय साडेसतरा ठेवण्याचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं. भरती साडेसतराला म्हणून तयारी पंधराला. भरती अठराला आणि बारावी पूर्ण झाल्यावरच, असं केलं तर निदान ती दोन वर्षं मुलं वर्गात राहतील. योजनेत दहावी पास मुलाला चार वर्षांनंतर बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र द्यायची सोय ठेवली आहे. त्यापेक्षा आधी शिकू द्या की.

आता मुलींकडे येते. इथे माझंही मन एका बाजूला झुकत नाही, ते तसंच तुमच्यापुढे ठेवते.

ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला. २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्यात आल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांच्यातल्या सतरा जणी तीनशेहून अधिक मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या. लष्करी पोलिसांत बायकांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बंगळूरला तयार झाली. नौदलाच्या चिल्का केंद्रातून मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी निघाली, त्या अडीच हजारांत अडीचशेहून जास्त मुली होत्या. ज्या दारावर 'बायकांना प्रवेश नाही' अशी पाटी होती ते उघडलं, याचा मला आनंद आहे. हा हक्क मागितला तेव्हा कोणत्या थराची कारणं पुढे केली गेली ते आठवतं ना? आणि खेड्यातल्या मुलीच्या दृष्टीने पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांत जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. अशा गावात 'मला शिकायचंय' म्हटलेलं ऐकून घेत नाहीत. 'भरतीची तयारी करतेय' म्हटलं की बाप वर्षभर थांबतो. हाफ पँट घालून रस्त्यावर धावायची परवानगी दुसऱ्या कुठल्या कारणाने मिळाली असती? आमच्याकडे येणाऱ्या मुलींत अशा कितीतरी आहेत की त्यांना पोलीस व्हायचंय की सैनिक, हे नक्की नाही. लग्न नकोय एवढं नक्की आहे.

म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला 'तू जाऊ नकोस' असं सांगायची माझी तयारी नाही. तिच्यापुढे पर्याय म्हणून मांडव उभा असेल तर मैदान केव्हाही बरं. पण आपण चळवळ म्हणून 'मुलींनाही साडेसतराव्या वर्षी घ्या' एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबणार का? मुलग्यांना लवकर घेतात ही चूक असेल, तर तीच चूक मुलींच्या वाट्याला आली याला मी समानता म्हणणार नाही.

शरीराचं सांगते. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. त्या अंगाने त्या डांबरी रस्त्यावर धावतात, पाळीत धावतात, पाळी लांबवायच्या गोळ्या दुकानातून कोणालाही न विचारता घेतात. अती धावण्याने हाडाला बारीक चिरा पडतात आणि त्याचं प्रमाण सैनिकी प्रशिक्षणात मुलींमध्ये जास्त दिसतं, हे अनेक देशांत नोंदलं गेलं आहे. अकॅडमीत डॉक्टर नसतो, बाई प्रशिक्षक क्वचित असते. आपल्या आरोग्य गटांनी हिमोग्लोबिन तपासायची पेटी घेऊन अशा मैदानावर जायला हरकत नाही. आम्ही दोन ठिकाणी गेलो, कोणी अडवलं नाही, उलट चहा पाजला.

छळाचं बोलायला लोक कचरतात, सैन्याचा अपमान होतो म्हणतात. मी आपल्या देशाबाहेरचं उदाहरण देते. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी सैन्यात घेतात, आईबापांची संमती तिथेही लागते. हॅरोगेट इथे त्या वयाच्या मुलामुलींची प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या एका प्रशिक्षकाला शिकाऊ मुलींचा लैंगिक छळ केल्याबद्दल २०२३ मध्ये लष्करी न्यायालयाने तुरुंगात पाठवलं. सोळाव्या वर्षी भरती झालेली दुसरी एक मुलगी डिसेंबर २०२१ मध्ये बराकीत मृत सापडली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या मृत्यूची सुनावणी २०२५ मध्ये झाली. वरिष्ठाने केलेला छळ आणि आधीच्या तक्रारीकडे लष्कराने केलेलं दुर्लक्ष यांचा तिच्या मृत्यूत वाटा होता, असा निष्कर्ष निघाला. तो निघेपर्यंत तिच्या आईला तीन वर्षं लढावं लागलं. सगळा पैसा, शिस्त, कायदे असलेल्या देशात हे झालं. कारण साधं आहे. हुकूम पाळायला शिकवणं हे त्या नोकरीचं पहिलं काम, आणि त्या वयात 'हा हुकूम पाळायचा नसतो' हे ओळखायची ताकद आलेली नसते.

आपल्याकडे पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. त्यात अठराच्या आतली मुलगी आणि मुलगाही बालक आहे, आणि सशस्त्र दलातल्या माणसाने आपल्या तैनातीच्या जागी वा हुद्द्याच्या जोरावर गुन्हा केला तर तो जास्त गंभीर धरला जातो. हे भरतीला निघालेल्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला माहीत पाहिजे. मुलालाही, हे मुद्दाम दोनदा सांगते.

पैशाचं थोडक्यात. तीस हजारांतले तीस टक्के कापून निधीत जातात, हातात पहिल्या वर्षी एकवीस हजार. सरकार तेवढेच घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह अकरा लाख एकाहत्तर हजारांच्या आसपास मिळतील असं जाहीर झालं. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. मृत्यू झाला तर अठ्ठेचाळीस लाखांचा विमा आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. कायद्याने लग्नाला एकवीस पूर्ण झालेला, हातात अकरा लाख असलेला, नोकरी नसलेला मुलगा गावात आला की आधी कोण येईल? सोयरीकवाले येतील. मग ते पैसे घरावर जातील, बहिणीच्या हुंड्यावर जातील, आणि दोन वर्षांनी आलेल्या सुनेला 'तुझ्या पायगुणाने नोकरी गेली' हे ऐकावं लागेल. हा माझा अंदाज आहे, पण आपल्या केंद्रांत येणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकून बांधलेला आहे.

आणि जखमी झाला तर? एनडीएसारख्या संस्थांत प्रशिक्षण चालू असताना मुलगा कायमचा अपंग झाला तर त्याला घरी पाठवतात. तो अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून माजी सैनिकाचा दर्जा नाही, तशी पेन्शन नाही. ठरावीक सानुग्रह रक्कम मिळते. १९८५ पासून असे सुमारे पाचशे जण बाहेर पडल्याची बातमी आली. त्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेत घेतलं. इतकी वर्षं त्यांना कोणी उचललं, कुशीवर वळवलं, भरवलं? अठरा-वीस वर्षांच्या, मानेखाली हालचाल नसलेल्या मुलाची शुश्रूषा चाळीस वर्षांची आई सुरू करते आणि सत्तरीपर्यंत करत राहते. ती कुठल्याच हिशेबात नसते. सही मात्र तिची घेतलेली असते. मुंबईत राहणाऱ्या एका शहीद अग्निवीराच्या आईनेही २०२५ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. तिचं म्हणणं सरळ आहे: शेजारी लढणाऱ्या नेहमीच्या जवानाच्या घराला जे मिळतं, ते माझ्या घराला का नाही?

कोणी म्हणेल, तुम्ही देशाच्या रक्षणाच्या आड येता. मी फक्त सहा महिने मागते आहे. कोणी म्हणेल, आपली पोरं बाराव्या वर्षापासून ऊसतोडीला राबतात, त्याचं काय. खरं आहे, आणि त्याच्याशीही आपण भांडतोच आहोत. एक अन्याय दाखवून दुसरा गप्प बसवायचा, ही युक्ती आपल्याला घरातूनच पाठ आहे.

तर ठरावासाठी माझं म्हणणं दुपारच्या सत्रात लेखी ठेवते आहे. तिन्ही दलांत, मुलगा असो वा मुलगी, नाव दाखल करायचं वय अठरा पूर्ण आणि बारावी झालेली. प्रबोधिनीला आत्ता हे लागू होणार नसेल, तर तिथे जखमी झालेल्याला पहिल्या दिवसापासून सैनिकाचाच दर्जा. आणि हे होईपर्यंत अठराच्या आतल्या प्रत्येक उमेदवाराशी, घरचं कोणी समोर नसताना, भरती यंत्रणेबाहेरच्या माणसाने एकदा बोललं पाहिजे. शेवटच्या मुद्द्यासाठी आपण सरकारची वाट पाहायचं कारण नाही. ते काम केंद्रांत आजपासून करता येईल.

भरतीची जाहिरात साधारण वर्षाच्या सुरुवातीला येते. त्याआधीच्या महिला ग्रामसभेत हा विषय घ्या. अकॅडमीत मुलगा-मुलगी घालणाऱ्या आयांची एक बैठक घ्या आणि त्यांना फी, निधी, पंचवीस टक्के, विमा हे आकडे फळ्यावर लिहून दाखवा. वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे ते पोराला विचारायला सांगा. टाकलेल्या आणि विधवा बायकांनी पालकाच्या रकान्यात आपलं नाव शाळेतच लावून घ्यावं, भरतीच्या वेळी धावपळ नको. आणि फॉर्म केंद्रात आणायला सांगा, सही करून झाल्यावर नाही, कोरा असताना. आमच्याकडे आता त्यासाठी बुधवार ठेवला आहे. मागच्या बुधवारी सहा जणी आल्या होत्या, दोघी आयांबरोबर त्यांच्या मुली होत्या, आणि एक मुलगा एकटाच आला होता. त्याला धावायचं नव्हतं, त्याला आय.टी.आय.चा फॉर्म हवा होता.